ठीक आहे म्हणतोय

आमच्या घरात वाजलेला फोन उचलायचा नाही, असा नियम होता. लोक बोलण्यासाठी फोन घेतात, आम्ही तो वाजलेला ऐकण्यासाठी घेतला होता. कामावर कुणाला हे सांगितलं की ती मला खुळ्यात काढायची, आणि मग मला तिचाही राग यायचा आणि नियमाचाही.

नियम केला नवऱ्याने. तो जहाजावर कामाला. जहाज म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पांढरा डगला आणि दुर्बीण येते. माझा नवरा असायचा जहाजाच्या पोटात, इंजिनाच्या खोलीत. यंत्राला तेल दे, पाणी बघ, गळतंय तिथे चिंधी बांध, अशी कामं. कितीकदा दिवसभर त्याला समुद्र दिसायचाही नाही. तरी गल्लीत त्याचं नाव कप्तान पडलं होतं. सुट्टीवर आला की सलूनवाल्यापासून किराणावाल्यापर्यंत सगळे "काय कप्तान, कधी आलात?" म्हणून त्याची फिरकी घ्यायचे आणि तोही लेकाचा ऐटीत कपाळाला हात लावून सलाम ठोकायचा.

जहाज जुनं, माल वाहणारं. आज या देशात, पुढच्या पंधरवड्यात भलत्याच. समुद्रात फोन लागत नाही आणि परक्या बंदरात त्याचं कार्ड चालायचं नाही. म्हणून उतरला की जो भेटेल त्याचा फोन मागायचा. पहारेकरी, क्रेनवाला, बंदराबाहेरचा चहावाला, कुणीही. आमचा नंबर लावायचा, एक रिंग होऊ द्यायची आणि ठेवून द्यायचा. देणाऱ्याचा पैसा जात नाही, आपलं काम होतं. एक रिंग म्हणजे मी ठीक आहे. फार दिवस रिंग आली नाही, तर समजायचं की काहीतरी बिघडलंय आणि कंपनीच्या एजंटाकडे धाव घ्यायची. नीट बोलणं दोन-तीन महिन्यांतून एकदा, तो तिथलं कार्ड विकत घ्यायचा तेव्हा, तेही आधी दिवस ठरवून.

सासूबाईंना मी आईच म्हणते. सुरुवातीला त्यांनी एकदा न राहवून फोन उचलला होता. ज्याचा फोन होता त्याचे पैसे कापले गेले, तो नवऱ्याला चारचौघांत नाही नाही ते बोलला आणि त्या बंदरावर पुन्हा कुणी त्याला फोन दिला नाही. हे कळल्यावर आईंनी जेवणावरचं मनच काढलं. तेव्हापासून वाजणाऱ्या फोनला हात लावणं म्हणजे मुलाच्या पोटावर पाय देणं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं.

आई घरीच काम करायच्या. शर्टांच्या कारखान्यातून गठ्ठे यायचे, त्यांना काजं करायची आणि बटणं लावायची. खिडकीजवळ टेबल, टेबलावर यंत्र, आणि यंत्राखाली एक जाडसर मेणकापड, त्यावर अख्ख्या जगाचा नकाशा छापलेला. देश रंगीत, समुद्र निळा, आणि एका कोपऱ्यात गरम भांडं ठेवल्याने एक खंड करपलेलं. फोन त्या नकाशावरच, तेलाच्या डबीला टेकवून उभा असायचा. एक रिंग वाजली की आई यंत्र थांबवायच्या, फोन बंद होईपर्यंत हात मांडीवर घेऊन बसायच्या आणि मग म्हणायच्या, "ठीक आहे म्हणतोय." दर वेळी तेच तीन शब्द, त्याच सुरात. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या फोनवाल्याकडे जाऊन तो नंबर कुठल्या देशाचा ते विचारून यायच्या आणि नकाशावर त्या जागी एक बटण ठेवून द्यायच्या.

या खेपेला तो गेल्यावर शेवटचं बोलणं उन्हाळ्यात झालं. म्हणाला, मालक जहाजाच्या दुरुस्तीला हात आखडता घेतोय, पगारही रखडलाय, पण पुढच्या बंदरात सगळं देतो म्हणालाय. मी चिडले. म्हटलं, देतो म्हणणारा आणि देणारा यात फरक असतो. तो हसला आणि पुढच्या बंदराचं नाव सांगून ठेवलं. त्या बंदरातून रिंग आली. आईंनी बटण ठेवलं.

आणि त्यानंतर तर रिंगांचा सपाटाच लागला. पूर्वी दहा-पंधरा दिवसांत एखादी यायची, ती आता आठवड्यात दोनदा-तीनदा येऊ लागली. आई खुशीत होत्या. या खेपेला त्याला घराची फार आठवण येतेय, असं त्या गठ्ठेवाल्यालाही सांगायच्या. एका नंबराच्या शेवटी चार एक्के होते. त्या दिवशी आई म्हणाल्या, "बघ, चारचारदा सांगतोय, ठीक आहे, ठीक आहे." बोलण्याचा ठरलेला महिना उलटून गेला, तरी मला धास्ती वाटली नाही. कार्ड घ्यायला पैसे नसतील, पण रिंग तर येतेय ना. खरं सांगायचं तर मीही सुखात होते. कामावरून आले की आधी नकाशाकडे बघायची, नवं बटण दिसलं की पाय दुखायचे थांबायचे.

मी एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत आहे. धुतलेल्या चादरी तापलेल्या रोलरमध्ये सरकवायच्या, दोघींनी दोन टोकं धरून. हात जरा रेंगाळला की बोट भाजतं. आमच्यावर एक मुकादम बाई आहेत. त्या दिवशी त्या सकाळपासून पिसाळलेल्या. आधी मला वाटलं, कालच्या उशांच्या खोळींवरून असेल. पण त्या सांगत होत्या फोनचं. परदेशातून एक मिस्ड कॉल आला, एकच रिंग. कोण असेल म्हणून यांनी उलट फोन केला, तर नुसती टुंगटुंग गाणी वाजत राहिली आणि तेवढ्यात फोनमधले सगळे पैसे साफ. आता कुणी म्हणालं की ही टोळीच आहे, यंत्रं लावून जगभर हजारो लोकांना एकेक रिंग देतात, भोळा माणूस उलट फोन करतो आणि कापला जातो. त्या तावातावाने प्रत्येकीला नंबर दाखवत फिरत होत्या, कुणी चुकूनही लावू नका म्हणून. माझ्यापुढे फोन धरला. शेवटी चार एक्के होते.

चादर माझ्या हातातून सुटून रोलरला गुंडाळली गेली. पलीकडची बाई ओरडली, यंत्र बंद केलं. मुकादम बाई मला काहीतरी बोलल्या ते मी ऐकलं नाही. मी ॲप्रनसकट रस्त्यावर आले आणि घराच्या दिशेने धावत सुटले.

आई काजं करत होत्या. मी यंत्राचं चाक हाताने धरून थांबवलं आणि त्यांना सगळं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, ते मला ठाऊक आहे. फोनवाल्याने कधीच सांगितलंय, परदेशच्या मिस्ड कॉलला उलट फोन करू नका म्हणून. मी त्याला म्हटलं, आमच्याकडे ती भीतीच नाही. आम्ही उचलत नाही आणि उलट लावतही नाही. आम्हाला कोण लुटणार?"

मी नकाशाकडे बोट केलं. इतके दिवस रोज बघत होते, पण नीट बघितलंच नव्हतं. उन्हाळ्यापर्यंतची बटणं एका ओळीत होती, किनाऱ्याकिनाऱ्याने गेलेली, जहाज जाईल तशी. त्यानंतर एक बटण या टोकाच्या बेटावर, दुसरं पार त्या टोकाला, तिसरं पुन्हा मागे. तीन दिवसांत एवढी मजल विमानाने मारावी लागली असती. आणि एक निळं बटण होतं ते एका देशाच्या मधोमध. त्या देशाला समुद्रच नव्हता. चहूकडून दुसऱ्या देशांनी वेढलेला होता.

आईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग एकेक बटण उचलायला लागल्या. बेटावरचं उचललं. निळं उचललं. मी म्हटलं, राहू द्या हो. त्यांनी ऐकलं नाही. उचलता उचलता त्या उन्हाळ्यातल्या बटणापाशी येऊन थांबल्या, तो म्हणाला होता त्या बंदरावरच्या. त्याच्यापुढे समुद्र मोकळा झाला होता. खिडकीबाहेर आता लोक स्वेटर घालून फिरत होते.

म्हणजे इतके महिने तो गप्प होता. गप्प राहिला तर धावायचं, एवढं एकच आम्हाला करायचं होतं, आणि त्याच्या गप्प राहण्यावर दुसरंच कुणीतरी रिंगा देत बसलं होतं. बाकीच्यांचे नुसते पैसे गेले. आमच्यासारखा नियम दुसऱ्या कुणाच्या घरात नव्हता, म्हणून आमच्यासारखी फसगतही कुणाची झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानं उघडताच मी एजंटाच्या कचेरीत गेले. त्याच्या दारावर पूर्वी जहाजाचं चित्र होतं. आता दार काढून भिंतीला टेकवलेलं आणि आत सुतार आरसे बसवत होते, केस कापायचं दुकान होणार म्हणून. एजंट जागा सोडून गेल्याला बरेच दिवस झाले होते. कुठे गेला ते कुणालाच माहीत नव्हतं. मी जहाजाचं नाव घेतलं तशी एका म्हाताऱ्या सुताराने तोंडातला खिळा काढला. म्हणाला, त्या जहाजावरच्यांच्या घरची ना, हो, माणसं यायची की इथे. एजंट होता तेव्हा दारातच बसून राहायची, ओरडायची, पोलिसांना आणायची. मग मोठ्या सरकारी कचेरीत गेली. पण आता त्यांची माणसं परत आली. एक जण मुद्दाम सांगायला आला होता, मुलगा घरी पोचला म्हणून. सगळे आले.

"सगळे?" मी विचारलं.

त्याला काय कळायचं ते कळलं असावं. त्याने खिळा परत तोंडात धरला आणि नुसती मान हलवली. मला ओरडावंसं वाटत होतं. कुणावर ओरडायचं तेच समजत नव्हतं. त्या टोळीवर, एजंटावर, आईंवर, की त्या नवऱ्यावर, ज्याने ठीक असल्याची खूण ठेवली आणि ठीक नसल्याची ठेवलीच नाही.

तिथून मी सरकारी कचेरीत गेले. खिडकीतल्या माणसाने जहाजाचं नाव लिहून घेतलं, आत जाऊन आला आणि म्हणाला, ते प्रकरण मिटलंय, माणसं आणली. मी म्हटलं, माझा माणूस आला नाही. तो म्हणाला, मग अर्ज करा. त्याच्या समोरच्या कागदांवर मी हात आपटला. तरी त्याने मला बाहेर काढलं नाही, फक्त पाणी दिलं, आणि त्याचाच मला जास्त धसका बसला.

घरी आले तर आई यंत्रापुढे नुसत्या बसलेल्या. मी सांगितलं, सगळे आले, तो नाही. बाकीचे आले आणि एकटाच आला नाही, याचा अर्थ काय ते दोघींनाही कळत होतं. आई बराच वेळ मेणकापडावरून हात फिरवत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "एक होता, तो वाजतच राहायचा."

मी म्हटलं, कोण होता?

मग त्यांनी सांगितलं. पावसाळा सरत आला तेव्हापासून एका परदेशी नंबरावरून फोन यायचा आणि थांबायचाच नाही. पूर्ण वाजायचा, बंद व्हायचा, पुन्हा वाजायचा. बहुतेक दुपारी, मी कामावर असताना. आईंना वाटलं, हाच तो चोर. आपला मुलगा एक रिंग देतो, हा एवढा मागे लागतोय म्हणजे लुबाडणारा असणार. त्या फोनवाल्याकडे गेल्या आणि नंबर ब्लॉक कसा करायचा ते शिकून आल्या. घरी येऊन स्वतःच्या हाताने केला. मला त्याच दिवशी कौतुकाने म्हणाल्याही होत्या की मला आता ब्लॉक करता येतं, आणि मी हसले होते.

सांगता सांगता त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. "खरा होता त्याला बंद केलं मी. आणि खोट्यांची बटणं मांडत बसले."

मला त्यांचा भयंकर राग आला. इतका की मी उठून आतल्या खोलीत गेले आणि उशी भिंतीवर फेकून मारली. मग बाहेर येऊन फोन घेतला. रागवायला नंतर आयुष्य पडलं होतं. नंबर शोधला, मोकळा केला. फोनवाल्याकडे जाऊन असतील नसतील तेवढे पैसे फोनमध्ये भरले. तो म्हणायला लागला, ताई, परदेशी नंबर आहे, उलट करू नका, मी लोकांना हेच सांगतो दिवसभर. मी म्हटलं, माहितीय, तरी भर.

घरी येऊन नंबर लावला. आई माझ्या दंडाला धरून उभ्या. रिंग जात राहिली आणि कुणी उचलेना. मी पुन्हा लावला. पलीकडून कुणी उचलत नाही म्हणजे काय असतं, ते आई त्या वेळी शिकत होत्या. तिसऱ्यांदा कुणीतरी उचलला. गाणी वाजली नाहीत. वारा होता, मोटारीची फटफट होती आणि एका पुरुषाचा आवाज, मला न कळणाऱ्या भाषेत. मी जहाजाचं नाव मोठ्याने सांगितलं. तो लगेच म्हणाला, "यस, यस. कॅप्टन."

मी म्हटलं, कॅप्टन नाही, इंजिन, इंजिनमधला माणूस. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीला तो आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, इंजिन संपलं, सगळे गेले. "ओन्ली कॅप्टन. वन मॅन." आणि मग, आपण होडीवाला आहोत, त्याला पाणी नि पाव नेऊन देतो, उद्या होडी, उद्या फोन, असं काहीबाही सांगून त्याने ठेवला.

आईंनी विचारलं, कोण उरलाय म्हणाला? मी सांगितलं, कप्तान. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. दोघींच्याही मनात एकच वेडी शंका आली असणार, पण ती तोंडावाटे काढायची आमची छाती झाली नाही. खरा कप्तानही असू शकत होता. जहाजावर तो असतोच.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले नाही. फोन नकाशावर, डबीला टेकवलेला. आम्ही दोघी त्याच्यापुढे बसलो. शर्टांचा गठ्ठा तसाच पडून होता. आई अधूनमधून उचलायचा हिरवा ठिपका कुठे येतो ते मला विचारत होत्या, कारण त्या एका चुकीनंतर इतक्या वर्षांत त्यांनी तो दाबलाच नव्हता. मध्येच एकदा वाजला, आईंनी हात घातला, तोवर बंद. भलताच नंबर होता. त्या खाली बसल्या आणि दम खात राहिल्या.

दुपार कलली आणि फोन वाजायला लागला. तोच नंबर. एक रिंग झाली, दुसरी झाली, तिसरी. आई हलेनात. त्यांचे दोन्ही हात मांडीवर घट्ट धरलेले, नेहमीसारखे. मी ओरडले, "आई, उचला." आणि त्या नुसत्या बघत राहिल्या म्हणून मीच हिरवा ठिपका ओढला आणि आवाज मोठा केला.

पलीकडे कुणी बोलेना. वारा तेवढा ऐकू येत होता. कुणीतरी फोन हातात धरून उभं होतं, पण कानाला लावलेला नव्हता.

"हॅलो," मी म्हटलं. "अरे, हॅलो."

पलीकडे काहीतरी खडखडलं. मग त्याचा आवाज आला, हळू, विश्वास न बसल्यासारखा. "उचलला?"

आईंनी तोंडात पदर कोंबला. मी रडले की हसले ते मला आठवत नाही, पण पहिलं वाक्य मी रागाचंच बोलले, मेल्या कुठे आहेस म्हणून. त्याला बोलायला वेळ लागत होता. महिनेन् महिने एकटा राहून बोलायची सवयच मोडली असावी. त्याने सांगितलं ते असं, की त्या बंदरातून शेवटची रिंग दिली, मग बंदराबाहेर नांगर टाकला आणि इंजिन बसलं. मालकाने हात वर केले. तेल संपलं, दिवे गेले, अन्न संपत आलं. त्यानंतर त्याने मुद्दामच रिंग दिली नाही.

"दिली असती तर तुम्ही समजला असता, ठीक आहे," तो म्हणाला. "म्हटलं, गप्प बसलो की तुम्ही धावाल."

बाकीच्यांच्या घरचे धावले. त्यांनी इथे कचेऱ्या डोक्यावर घेतल्या, तेव्हा त्यांना न्यायचं ठरलं. पण बंदराचा कायदा असा, की जहाज रिकामं सोडता येत नाही, एका माणसाने सही करून राहायला पाहिजे. दुसरा माणूस येईपर्यंत म्हणाले. म्हणून ज्याच्या घरून काही चौकशी नाही, त्याला ठेवायचं ठरलं. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. तेव्हा त्याने होडीवाल्याच्या फोनवरून आम्हाला फोन करायला सुरुवात केली, सगळ्यांदेखत, पुन्हा पुन्हा.

"मला विचारलं, तुझं कुणी नाही का? मी म्हटलं, आई आहे, बायको आहे. मग उचलत का नाहीत? मी म्हटलं, आमच्या घरात उचलत नाहीत." तो थांबला. "सगळे हसले. बंदराचा साहेबही हसला. मग सहीचा कागद माझ्यापुढे ठेवला."

पुढे रिंगसुद्धा जाईना, तरी होडी आली की नंबर लावायचा एवढाच त्याचा दिवसाचा कार्यक्रम उरला होता. होडीवाला त्याला कॅप्टन म्हणतो. "आता खराच कप्तान झालोय," तो म्हणाला आणि हसला. ते हसणं माझ्या ओळखीचं नव्हतं.

आई फोनजवळ वाकल्या. "बाळा, मी बंद केला होता तुझा नंबर. मीच केला."

होडीची मोटार फटफटत होती. मग तो म्हणाला, "आई, तू नियमच पाळलास गं."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. आईंना ते शब्द सहन झाले नाहीत, त्या टेबलावर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागल्या, आणि मी फोन ओढून घेतला. मी त्याला सांगितलं, मी आत्ता उठते, कचेरीच्या दारात जाऊन बसते, त्यांना जेवू देणार नाही, झोपू देणार नाही. तो ऐकत होता. मग माझ्याशी तो इंजिनाच्या खोलीबद्दल बोलतो त्या सुरात, अगदी साधेपणाने म्हणाला, "लवकर कर. पंप बंद आहेत. खाली पाणी शिरतंय. इंजिन दिसत नाही आता."

मी विचारलं, किती दिवस? तो म्हणाला, ते वाऱ्यावर आहे. मागून होडीवाला काहीतरी ओरडला, त्याला परत फिरायचं होतं. "ठेवतो. उद्या होडी आली तर एक रिंग देतो."

"नको," मी म्हटलं. "एक देऊ नकोस. उचलेपर्यंत वाजव." पण तोवर फोन बंद झाला होता. त्याने ऐकलं की नाही, मला माहीत नाही.

मी पायात चपला अडकवल्या. ओळखपत्रं, त्याचा फोटो, जे हाताला लागलं ते पिशवीत कोंबलं. आईंनी डोळे पुसले, उन्हाळ्यातलं ते शेवटचं बटण चिमटीत धरलं आणि जरा पुढे, बंदराबाहेरच्या निळ्यात, ठेवलं. मी दार उघडलं तेवढ्यात फोन वाजला.

एकच रिंग. आम्ही दोघी जागच्या जागी थांबलो. नंबर परदेशातला होता, त्याचा नव्हता.

"ठीक आहे म्हणतोय," आई सवयीने बोलून गेल्या, आणि मग त्यांनी दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून धरलं.